भट्टीपर्यंत

खर्डा, ४ नोव्हेंबर २०२४

चि. राधाकृष्ण यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर दोन वाक्यांत मला दम लागतो, म्हणून लिहिते. मध्येच थांबले तरी कागद कुरकुर करत नाही.

नगरला डॉक्टरांनी तपासलं. खव्याच्या भट्टीचा धूर जन्मभर छातीत गेला, फुप्फुसं आता पहिल्यासारखी होणार नाहीत म्हणाले. पंप ओढायचा आणि रोज चालायचं. दम लागला की थांबायचं, पुन्हा चालायचं. मी भट्टीपर्यंत जाते. आता ती गॅसवर आहे. सूनबाई रेश्मा माझ्यापेक्षा चांगला खवा आटवते, पण हे तिला सांगू नकोस. कढईत डोकावून आले की या घरात मी अजून आहे असं वाटतं. लोभ आहे तसाच राहू दे.

भागिरथीअक्का

नेवासा, ११ नोव्हेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून राग आला. जन्मभर त्या भट्टीपुढं राबलीस, आता धाप लागते तरी तिकडंच पाय ओढत जातेस. धाप लागणाऱ्यानं बसावं, हे शेंबडं पोरही सांगेल. डॉक्टरांचं काय जातंय? रेश्माला फोनवर बजावलंय, अक्काला खाटेवरून उतरू द्यायचं नाही. टेम्पोनं चाकांची खुर्ची पाठवतोय, ऐटीत बस. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा राधाकृष्ण

खर्डा, १६ फेब्रुवारी २०२५

चि. राधाकृष्ण यास अनेक आशीर्वाद.

तुझी खुर्ची बघायला सगळी आळी लोटली. भाऊ असावा तर असा, असं म्हणून बाया गेल्या. रेश्मा पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देते. पोरीची माया खरी, पण माझ्या पायांतलं बळ गेलं. आता मोरीपर्यंत जाताना अंधारी येते. लोक म्हणतात आजार वाढला. आजार नाही रे, बसणं वाढलं. उठू लागले की माझा लेक भीमराज आईचं ऐकायचं सोडून मामाला फोन लावतो म्हणून दटावतो. तू सांगितलंस, तूच मागं घे. मला भीती वाटते.

अक्का

नेवासा, २३ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

इथल्या डॉक्टरांना विचारलं. तेही तसंच बोलले. बसून पाय खचले की चार पावलांनाही जास्त दम लागतो. रेश्माशी बोललोय. आता खुर्चीत बसू नकोस, मागून धर आणि रिकामी ढकलत चाल. भट्टीपर्यंत पोचशील त्या दिवशी खव्याचा डबा पाठव. तोवर चहासुद्धा गोड लागायचा नाही.

राधाकृष्ण

खर्डा, ३० मार्च

ती. मामांस रेश्माचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आईंना आता लिहवत नाही. तुमचं पत्र आल्यावर त्या खुर्ची ढकलत अंगणापर्यंत गेल्या, खूप हसल्या. त्याच आठवड्यात छातीत कफ भरला. दवाखान्यातून आल्या त्या ऑक्सिजनच्या मशीनसकट. त्याची नळी उंबऱ्यापर्यंत पुरते, पण पाय तिथवरही नेत नाहीत. अंगात ताकद राहिली असती तर हे दुखणं सोसलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मामा, तांब्या हातात देताना मला वाटायचं, मी सेवा करतेय.

काल तुमच्यासाठी खव्याचा डबा भरला होता. आईंनी तो माघारी न्यायला लावला. मी भट्टीपर्यंत गेले न्हाई, तर डबा नेवाशाला जायचा न्हाई, असं म्हणाल्या. म्हणून नुसतंच पत्र पाठवते आहे. तुम्ही लवकर या.

आपली रेश्मा