आवाज न करणारा कॅमेरा

आमचे एकुलते एक साडूभाऊ यांस,

थोरल्या साडूचा नमस्कार. तुमचा गुडघा, धाकटीची सर्दी आणि तुमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा गाण्याचा रियाज, तिन्ही दुखणी आता उताराला लागली असतील अशी आशा करतो. आमच्याकडे सर्व क्षेम. मोठी ठणठणीत आहे (तिचा आवाज तुमच्यापर्यंत पोचत असेलच). फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही नुसतं "हो, हो" म्हणता आणि मागे क्रिकेट चाललेलं मला ऐकू येतं. माझे कान तिखट आहेत. पत्र वाचताना निदान टीव्हीकडे पाठ तरी कराल.

तर विषय माझ्या मानेचा. तीस वर्षं गळ्यात कॅमेरे वागवले, त्यातली शेवटची बारा तो धिप्पाड डीएसएलआर. मान डावीकडे कलली आहे हे मला प्रथम शिंप्याने सांगितलं. माप घेता घेता म्हणाला, "साहेब, एक खांदा दोन बोटं खाली आहे. कॉलर सरळ शिवू, की तुमच्यासारखी?" मग हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "ओझं कसलं उचलता?" मी म्हटलं, "पोटापाण्याचं." ते हसले नाहीत. हलका कॅमेरा घ्या, नाहीतर गळ्यात पट्टा घाला, एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. म्हणून तो जुना कॅमेरा तुम्हाला दिला आणि मी एक वापरलेला, लहानसा शोधला.

विकणारा बँकेतला एक हौशी गृहस्थ. "अगदी जेमतेम वापरलाय, जीवापाड जपलाय," असं तो बैठकीत सांगत होता, आणि आत स्वयंपाकघरात त्याची बायको आपल्या आईला सांगत होती की एकदाचा जातोय, आज काय वाट्टेल त्या भावात जाऊ दे. (कान तिखट असण्याचे असे फायदे असतात.) त्यानंतर घासाघीस फार करावी लागली नाही. वर चार्जर, पिशवी आणि चहा. घरी आणला तर मोठीने तो उचलून पाहिला आणि विचारलं, "हा साबण बाथरूममध्ये ठेवू का?"

पण साडूभाऊ, फोटो काय काढतो! खिशात मावतो, दिवसभर वागवा, खांद्याला पत्ता नाही. एकच गोष्ट होती, तो आवाज करत नव्हता. बटण दाबलं की फोटो निघे, पण निघाला हे आमच्या दोघांतच राही. आवाज चालू करायचा म्हणून मेनूत शिरलो तर पंचाहत्तर पानं, आणि बाहेर येईपर्यंत तारीखच बदलून बसली. शेवटी त्या हौशी गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, बाळ जागं होतं म्हणून तो आवाज बंद करायलाच मला महिना लागला. चालू कसा करतात ते आता कुठलं आठवायला?"

आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी शाळेचं काम होतं. बावीस वर्षं त्या शाळेचे वर्गांचे ग्रुप फोटो मी काढतोय. ते काम गेलं तर माझ्या स्टुडिओला नुसती पासपोर्ट फोटोंची टपरी म्हणावं लागेल. यंदा हेडसर नवे. मुलं त्यांना 'पुतळा' म्हणतात, कारण त्यांना हसताना कोणी पाहिलेलं नाही. कोपऱ्यावरच्या नव्या चकचकीत स्टुडिओवाल्याने त्यांच्याकडे आधीच फेरी मारून ठेवलेली. हेडसर म्हणाले होते, "यंदाचं काम बघू, मग पुढचं ठरवू."

गेटवर वॉचमनने मला आत सोडलं आणि विचारलं, "फोटोवाले मागून येतायत का?" पी.टी.च्या सरांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "कॅमेरा कुठंय?"

"हा काय."

"हा नाही हो. फोटो काढायचा."

पाचवी अ बाकांवर उभी राहिली. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "झाला." कोणी हलेना. पी.टी.चे सर गरजले, "अजून आवाज आला नाही! कोणी हलायचं नाही!" मी सांगतोय झाला, ते म्हणतात आवाज कुठंय, आणि चाळीस पोरं दात दाखवून ताटकळत उभी. मागच्या रांगेतला एक उंच मुलगा श्वास रोखून लालबुंद झाला आणि मटकन खाली बसला. माझा इलाज खुंटला. मी बटण दाबलं आणि तोंडानेच म्हटलं, "खटॅक!"

वर्ग सुटला. पण तिसऱ्या वर्गापर्यंत ही बातमी शाळाभर झाली. पुढची पोरं येतानाच म्हणू लागली, "काका, आमच्या वेळी मोठ्याने!" चौपन्न वर्षांचा मी, स्वतःच्या हिमतीवर स्टुडिओ काढलेला माणूस, त्या मैदानात पंधरा वेळा खटॅक म्हणालो.

शेवटी शिक्षकांचा फोटो. मधल्या खुर्चीत हेडसर, गुडघ्यांवर हात, चेहऱ्यावर शोकसभा. मी ठरवलं होतं, गप्प बसायचं. बटण दाबलं. सगळे वाट पाहत राहिले. हेडसर ओठ न हलवता म्हणाले, "आवाज?" मी अगदी हळू, सभ्यपणे म्हटलं, "खटॅक." मागून गणिताच्या बाई म्हणाल्या, "ऐकू नाही आलं हो." आणि साडूभाऊ, हेडसर फुटले. शेजारच्या क्लार्कच्या मांडीवर थापा मारत, डोळे पुसत हसले, आणि त्यांच्यामागे अख्खी शाळा. मी बटण दाबतच राहिलो. तीस वर्षांतला माझा सगळ्यात चांगला फोटो तो.

परवा प्रिंट घेऊन गेलो. हेडसरांनी ती बराच वेळ पाहिली. "हा मी आहे?" म्हणाले. मग ड्रॉवरमध्ये ठेवली. "ही मी घरी नेतो. आमच्या हिने मला असं कधी पाहिलं नसेल. ऑफिसात लावायला मात्र नीट काढा. गुरुवारी. आणि येताना कॅमेरा आणा." पुढच्या वर्षाचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तेच. गुरुवारी बघू."

असो. नव्या कॅमेऱ्यावर मी पूर्ण समाधानी आहे आणि जुन्याची मला एकदाही आठवण झालेली नाही. धाकटीला आशीर्वाद.

तुमचाच,
थोरला साडू

ता. क. : बुधवारी संध्याकाळपर्यंत तो जुना कॅमेरा घेऊन या. जेवायलाच या. शुक्रवारी परत देईन, मोठीची शपथ.

ता. क. २ : तो मध्येच अडकतो असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी "तुम्ही धरता चुकीचा" म्हटलं होतं. तुमचं धरणं बरोबर आहे. तो दोन वर्षांपासून अडकतोय. तळाला हलकी चापट मारत जा. हे मी आधीच सांगायला हवं होतं, पण मग तुम्ही तो घेतला नसता.

ता. क. ३ : चापट मारूनही बंदच असला, तरी आणा. फोटो मी लहान्यानेच काढणार, आणि आवाजाला पी.टी.च्या सरांनी शिट्टी कबूल केली आहे. तो चालू असावा असं शाळेत कोणाचंच म्हणणं नाही. छातीवर दिसला म्हणजे झालं.