लेस्या तिथे होती

२ ऑगस्ट २०२४, शुक्रवार
झालं! लेस्या हो म्हणाली. आमच्या अ‍ॅड कंपनीतली कॅमेरावाली — मूळची युक्रेनची सिनेमा दिग्दर्शक, इथे बहरीनला हॉटेलांचे स्विमिंग पूल शूट करते. दिवाळी अंकासाठी तिच्यावर लिहायचं. अट एकच — छापायच्या आधी तिला वाचून दाखवायचं. "सॅव्हिओ सांगेल इंग्लिशमध्ये." सॅव्हिओ आमचा एडिटर, वसईचा. म्हणतो, "लेखिकाबाई, बिर्याणी लागेल!"

५ ऑगस्ट
अमवाज बेटावर तिच्या फ्लॅटवर गेलो. एसी बंद, खिडक्या सताड — वेडी आहे! जन्म खारकीव्हचा. वडील नाहीत, आई नाटकवाल्यांचे कपडे शिवायची. आता कशी आहे विचारलं तर म्हणाली, "सिनेमाचं विचार." एकोणिसाव्या वर्षी गावोगाव लग्नं शूट करायची. एकदा नवरा-नवरी सोडून मागे ताटं विसळणाऱ्या बायकाच शूट केल्या. नवरीचा बाप मारायला धावला! तीच पहिली शॉर्ट फिल्म. मोठा सिनेमा अर्धा झाला, निर्माता पळाला. २०२१ मध्ये बहरीन.
"पाणी बरं. नखरे करत नाही."

८ ऑगस्ट
पाठवला लेख.

१२ ऑगस्ट
पुण्याहून संपादकांचा फोन. "छान आहे हो विशाखा, पण युद्ध कुठाय? ताटं कोण वाचणार?"
सर, ती युद्धाच्या आधीच आली होती.
"बघा काहीतरी. नाहीतर पुढच्या वर्षी."
पुढच्या वर्षी! आजवर एक ओळ छापून आलेली नाही माझी.

१३ ऑगस्ट
२०२१ चं २०२२ केलं. सायरन, तळघर, आईचा हात धरून स्टेशन, खच्चून भरलेली गाडी, सीमा. दोघी सुटल्या. एका बैठकीत झालं — आणि काय जमलंय! प्रयोग आहे, म्हटलं स्वतःला. थाप आहे.

१४ ऑगस्ट
संपादकांचा मेसेज. "वा! अंकात पहिलाच लेख तुमचा."

२० ऑगस्ट
सॅव्हिओला म्हटलं, तेवढं गाळ ना सांगताना.
"मफी! नाही म्हणजे नाही. तुझी थाप, तू निस्तर."

२३ ऑगस्ट, शुक्रवार
वाचलं. सॅव्हिओने मान खाली घालून सगळं सांगितलं. स्टेशन आलं तशी लेस्याने हात वर केला. खलास, वाटलं.
"पुन्हा."
स्टेशनपासून परत वाचलं. मग आणखी एकदा. ती उठली, दार उघडून उभी राहिली. लिफ्टमध्ये सॅव्हिओ — "गेला तुझा लेख."

२४ ऑगस्ट
लेस्याचा व्हॉइस मेसेज. "युद्धाच्या त्या मार्चमध्ये मी इथे पूल शूट करत होते. आई तळघरातच वारली. एकटी. तू लिहिलंयस त्यात आम्ही दोघी गाडीत बसलो. छाप."
मला आता छापवत नाही.