सुकेळीची परीक्षा

बाई,

मागच्या महिन्यात तुमची संदर्भग्रंथांची कपाटं शाळेतून गेली. ती कशी गेली हे वसईत नंदाखालपासून निर्मळपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, असं सगळ्यांना वाटतं. तुम्हाला तरी नीट सांगावं म्हणून लिहायला बसले आहे. रविवारची दुपार आहे आणि खरं सांगायचं तर मला झोपायचं होतं. हल्ली मला कायमच झोपायचं असतं. ग्रंथालयात बसून माणूस दमतो कशाने, असं लोक विचारतात. तुमच्या वेळी पुस्तक निवडायचं म्हणजे पुस्तक उघडून बघायचं. आता पुस्तक उघडण्याआधी त्याची ऑनलाइन मागणी भरायची, ती का केली ते समितीला सांगायचं, समिती जमत नाही म्हणून समितीच्या मागे फिरायचं, आणि सगळं झालं की कळतं, ते पुस्तक आता छापतच नाहीत.

मी तुमच्याकडे मदतनीस म्हणून आले तो दिवस मला अजून दिसतो. मी तुमचीच विद्यार्थिनी, पण गावची नव्हे. वडिलांनी कोकण सोडून विरारला फ्लॅट घेतला म्हणून इथे आलेली. पहिल्याच सकाळी तुम्ही सायकल भिंतीला टेकवता, पिशवीतून केळीच्या सुक्या सोपटात बांधलेली एक जुडी काढता आणि टेबलावर ठेवता. मी विचारते, हे काय? तुम्ही चष्म्यावरून बघता. "इतकी वर्षं इथं राहतेस आणि सुकेळी माहीत नाही? आधी खा. मग पुस्तकांना हात लाव." मला वाटलं, गोड बोलायची तुमची ही पद्धत. ती भेट नव्हतीच, ते हत्यार होतं. तुम्ही मला घरी नेलंत, मागल्या पडवीत तुमच्या आईने मांडलेली राजेळी केळी दाखवलीत: पिकलेली, सोललेली, उन्हात वाळत घातलेली, तीच वाळली की सुकेळी. रोज उलटायची, संध्याकाळ झाली की झाकून ठेवायची. मग म्हणालात, "आता तुला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली. कोणताही ज्ञानकोश आला की आधी हीच बघायची. जे आपल्याला माहीत आहे त्यातच तो चुकला, तर जे माहीत नाही त्यात त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

त्या परीक्षेत मी पहिल्याच वर्षी नापास झाले. एक एजंट गुळगुळीत कागदाचे, रंगीत चित्रांचे खंड घेऊन आला होता. तुम्ही चर्चमध्ये मिस्साला गेला होतात आणि मी हुरळून होकार देऊन बसले. तुम्ही आलात, केळीची नोंद काढलीत, तिच्यात सुकेळी नाहीतच हे बघितलंत आणि एजंटासमोरच मला झापलंत. अर्धं झापणं तुमच्या घरच्या सामवेदी बोलीत होतं. मला शब्द कळले नाहीत, अर्थ चांगलाच कळला. एजंट मात्र हुशार जमात. तुमची ख्याती पार भाईंदरपर्यंत पोचली आणि पुढे प्रत्येक जण केळीच्या नोंदीपाशी खूण घालूनच यायला लागला. "बाई, केळी बघून घ्या, आमच्यात केळी एकदम बरोबर आहेत." तुम्ही हसायचा नाहीत, मीच तोंड फिरवून हसायचे.

आणि एकदा आपण दोघीही फसलो. एका संचात सुकेळीवर अर्धा परिच्छेद निघाला, तोही अचूक, जिथे ती होतात त्या आगाशीच्या उल्लेखासकट. तुम्ही इतक्या खूश झालात की पुढे एकही पान उलटलं नाहीत. संच आला, कपाटात बसला, आणि विज्ञानाचे सर महिन्याभरात लालबुंद होऊन आले. विजेच्या प्रकरणात आकृत्याच उलट्यापालट्या होत्या, आणि मुलं त्याच आकृत्या वहीत उतरवून आणत होती. तुम्ही जराही न डगमगता म्हणालात, "लिहिणारा वाडीतला असेल. त्याच्याकडे वीज कुठे असणार?" सर निघून गेले. तुम्ही मात्र नंतर कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत त्या खंडांच्या समासात पेन्सिलीने दुरुस्त्या करत बसलात. वसई सोडून बाकीच्या जगाबद्दल ते पुस्तक काय म्हणतं, हे आपण बघितलंच नव्हतं. आपल्या परीक्षेतच काही खोट आहे असं मात्र आपल्या दोघींपैकी कुणालाही सुचलं नाही. चूक पुस्तकाची, असंच आपण धरून चाललो.

तुम्हाला जाऊन आता किती काळ लोटला. मी तुमच्या खुर्चीत बसते. मुलं मला मॅडम म्हणतात. वर्गात वाडीवाल्या बागायतदारांची मुलं कमी आणि बिल्डिंगमधली जास्त. त्यांचे आईबाप कोकणातले, देशावरचे, पार उत्तरेकडचेही. कपाटांच्या काचा मी दर शनिवारी पुसायचे. पुसायचे कारण कुणाच्या हाताने त्या मळतच नव्हत्या, नुसती धूळ बसायची. मुलांना प्रकल्प दिला की ती मोबाइलवर काहीतरी बघतात, जे पहिलं येईल ते उतरवतात. मी ओरडायचे, मग कमी ओरडायला लागले. नंतर तेही सोडून दिलं.

यंदा ग्रंथालयासाठी निधी आला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, एक तर संदर्भग्रंथ सगळे नव्याने घ्या, नाहीतर ही डिजिटल लायब्ररी घ्या. दोन्ही होणार नाही, आणि संगणकांच्या पडद्यांना जागा हवी तर कपाटं हलवावी लागतील. "तुम्ही ग्रंथपाल, तुम्ही जे लिहून द्याल ते मी पुढे पाठवीन." अशी सत्ता मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली आणि मला ती अजिबात नको होती. कंपनीचा मुलगा संगणक जोडायला आला, काही आठवडे वापरून बघा म्हणाला. मराठीतून लेख, चित्रं, आवाज, हलत्या आकृत्या. मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असणार. त्याच्या देखतच मी टाइप केलं: सुकेळी. उत्तर आलं, कच्च्या केळ्यांचे तेलात तळलेले काप.

बाई, किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी खुर्चीत मागे रेलून त्या मुलाला म्हटलं, "वेफर्स म्हणतात त्याला." तो बिचारा म्हणाला, "मॅडम, फीडबॅक टाका ना, अपडेट होऊन जाईल." मी म्हटलं, "अपडेट पुस्तकालाही करता येतं, पेन्सिल लागते फक्त." तो गेल्यावर मी नकाराचा अभिप्राय लिहून काढला. त्यात 'विश्वास कसा ठेवायचा' हे तुमचं वाक्य जसंच्या तसं घातलं. मुख्याध्यापिकांना दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

त्या दुसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी आली. वाडीत मजुरी करणाऱ्या आदिवासी कुटुंबातली. कधी ग्रंथालयात न फिरकणारी. दारातच उभी. शाळेत आरोग्याची तपासणी झाली होती, सगळ्यांचं रक्त घेतलं होतं, आणि तिला सांगितलं होतं की तू सिकलसेलची वाहक आहेस. सांगणाऱ्यांनी समजावलंही असेल, पण रांगेत कुणाला काय ऐकू येतं. "मॅडम, वाहक म्हंजे काय? कोनी सांगत नाय. मी मरनार का?"

मी उठले आणि तुमच्या कपाटापाशी गेले. रक्त हे प्रकरण काढलं, छान लिहिलेलं, पण तिचा आजार त्यात नव्हताच. दुसऱ्या खंडात एक ओळ सापडली: हा आजार असाध्य आहे. मी ते पान तिला दिसायच्या आत मिटलं. मोबाइल काढला, तर त्यावर एक जण जडीबुटी विकत होता आणि दुसरा मोठमोठ्याने इंग्रजीत बोलत होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला एवढी लाज आयुष्यात वाटली नाही. शेवटी नाइलाजाने मी तो संगणक चालू केला, ज्याला मी आदल्या दिवशी नापास केलं होतं.

तिथे ते होतं. साध्या मराठीत होतं. गोल पेशी कशा वाहतात आणि विळ्यासारख्या वाकलेल्या कशा अडकतात, हे हलत्या चित्रात. आईकडून एक गुण, वडिलांकडून एक. त्यातला आजाराचा एकच आला तर माणूस वाहक, तो सहसा आजारी पडत नाही. दोन्ही आजाराचे आले तर आजार. त्याची लक्षणं सांगितली होती आणि औषधोपचाराने त्रास कमी होतो हेही. तिने ते बघितलं, मग परत लावायला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे मला काय नाय." मी म्हटलं, "तुला नाही गं." ती उठली नाही. पडद्यावर हातपाय दुखण्याचं चित्र थांबलं होतं, तिकडे बोट करून म्हणाली, "माझा बारका भाव असाच रडते. आई बोलते, खेलून पाय दुखतात."

मी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना फोन केला. पडद्यावर होतं ते सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे का? कारण तुमची सवय जात नाही, खात्री केल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, त्या पोराला लगेच घेऊन या. त्याच्या आईला वाडीतून बोलावलं, रिक्षा केली. पोराला आजारच होता. आता त्याला औषध चालू आहे. पाय दुखले की आई त्याला रागावत नाही, पाणी पाजते आणि केंद्रात नेते. फार मोठं काही झालेलं नाही, एवढंच झालंय.

मी तो अभिप्राय फाडला आणि नवा लिहिला. मला त्या दिवसांत सारखं एकच वाटत होतं. आपण पुस्तकाला नेहमी आपल्याला माहीत असलेलं विचारलं. ज्याला काहीच माहीत नाही आणि जो घाबरून दारात उभा आहे, तो काय विचारील, हे आपण कधी विचारलंच नाही. तुमच्याशी यावर भांडायला मला आवडलं असतं. तुम्ही सोडलं नसतं मला. तुम्ही म्हणाला असतात, "आणि त्या संगणकाची वर्गणी संपली की? लाइट गेले की? तेव्हा कोण सांगणार तिला?" खरं आहे. मला हेही ठाऊक आहे की पुढच्या वर्षी वर्गणीसाठी मलाच दारोदार फिरायचं आहे, आणि ती नाही भरली तर एका सकाळी सगळं ग्रंथालयच पडद्यावरून नाहीसं होईल. पुस्तकं निदान चुकीची असली तरी जागेवर असायची. हे सगळं कळून मी सही केली. मुख्याध्यापिकांनीच मला दोनदा विचारलं, नक्की ना?

तुमच्या खंडांना मी जागा शोधली हो. सांडोरच्या शाळेला विचारलं, दोन वाचनालयांना विचारलं, चर्चच्या हॉलसाठी फादरांना विचारलं. सगळे हळहळले आणि कुणीही घेतले नाहीत. शेवटी रद्दीवाल्याचा टेम्पो आला. मला वाटलं होतं मला रडू फुटेल, म्हणून मी रुमालही तयार ठेवला होता. टेम्पो फाटकाबाहेर गेला आणि मला सडकून भूक लागली. मी डबा उघडला, सगळा संपवला, वर कॅन्टीनमधून चहा मागवला. त्या शनिवारी काचा पुसायच्या नव्हत्या.

परवा तुमच्या भावजय बाजारात भेटल्या. माझा हात धरून रस्त्यातच उभ्या राहिल्या. "आमच्या बाईंनी जीव टाकला होता गं त्या पुस्तकांवर. या मॅनेजमेंटला काय त्याचं? तुला किती यातना झाल्या असतील." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माझ्या पिशवीत घरच्या चिवईच्या भाजीच्या जुड्या कोंबल्या, मी नको नको म्हणत असताना. मी नुसतीच मान हलवली, आणि जरा उदास चेहराही केला.

बाई, मॅनेजमेंटने काहीच केलं नाही. मी केलं. आणि तीच वेळ पुन्हा आली तर पुन्हा हेच करीन. हे पत्र तुमच्या कबरीवर ठेवावं असं सुरुवातीला मनात होतं. पण तिथे भावजय फुलं घेऊन येतात आणि त्यांना वाचता येतं. ते तसंच घरात राहू दे. त्यांना आणि गावाला जे वाटतं आहे, ते त्यांना तसंच वाटत राहावं, अशी माझी इच्छा आहे.