शेवटचा तुकडा कितीही लहान चालतो

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची बंगळुरूला! नागपूरहून निघताना आईनं सांडगी मिरची, लोणचं, तिखट पुऱ्या असं इतकं बांधून दिलं, की गाडीतल्या काकांनी विचारलं, लग्नाला निघालात का. खोली बसवनगुडीत मिळाली, कस्तुराबाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर. त्यांचं घराणं इकडे कधी आलं ते त्यांनाही सांगता येत नाही. मराठी बोलतात, पण मध्येच कन्नडात शिरतात. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही. चहा मागितला तर कॉफी आली, आणि वर, स्वल्प पिऊन तर बघ म्हणे. प्यायले. बाप्पा, काय कॉफी होती!

दुपारभर खोली घासूनपुसून घेतली. दाराशी पुरुषाच्या काळ्या चपला होत्या. अक्का म्हणाल्या, त्या निहारच्या. आधी तोच राहायचा इथं, मी रुजू होणार त्याच कंपनीतला. गेला घाईत, चपला राहिल्या. मी म्हटलं, टाकून देते. त्या म्हणाल्या, राहू दे, सरी? सरी म्हणजे ठीक. मला मात्र घरात बिनकामाची वस्तू दिसली की चैन पडत नाही. आणि एकासारख्या दोन दिसल्या तर डोकंच फिरतं. आई म्हणते, तुला जुळं झालं तर एक परत पाठवशील.

५ फेब्रुवारी

ऑफिस जयनगरात, बसनं दहा मिनिटं. बाकीचे बिचारे व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमध्ये मरतात, आपली मजा आहे. साहेबांचं नाव चंदन. धारवाडचे, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध.

कंपनी 'सोबती' बनवते. म्हातारी माणसं आपल्या आठवणी बोलून ठेवतात, कंपनी त्यातून त्यांचा सोबती घडवते, आणि मग तो त्यांच्याच आवाजात परदेशातल्या नातवंडांशी फोनवर बोलतो. माझं काम या सोबत्यांच्या फायली जुन्या साठ्यातून नव्या साठ्यात न्यायच्या. फायली अशा अवाढव्य, की एका दमात जातच नाहीत. म्हणून तुकडे करायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा आणि एकेक पाठवायचा. सगळे पोचले की 'पूर्ण' असा आदेश द्यायचा, मग तिकडे अख्खी फाइल उभी राहते. तोवर तिकडे यादीत काहीसुद्धा दिसत नाही. तुकडे मात्र जागा धरून गुपचूप पडलेले असतात. तुकडे ठरलेल्या मापापेक्षा लहान चालत नाहीत. फक्त शेवटचा कितीही लहान चालतो.

हे सगळं मला निहारनं फोनवर शिकवलं. तो आता घरूनच काम करतो. फार गोड माणूस. इतक्या वेळा तेच तेच विचारलं तरी एकदाही वैतागला नाही.

इथली रीत अशी, की नव्या माणसानं आधी स्वतःचा सोबती बनवायचा, नमुना म्हणून. उद्यापासून मला कॅमेऱ्यासमोर बसून बडबड करायची आहे. त्यासाठी पगार मिळतो हे आईला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना.

११ फेब्रुवारी

माझी बडबड संपली. शाळा, गणपती, बाबांचं जाणं, सगळं बोलले. बाबांच्या वेळी रडू आलं, ते काढून टाका म्हटलं.

आज एक कामही केलं. नव्या साठ्यात फाइल उभी राहिली, तरी जुनी तशीच पडून असते. म्हणजे प्रत्येक माणूस दोन-दोनदा! शोधलं तर सापडलं, की 'पूर्ण झाल्यावर मूळ काढून टाका' असा नियम होता, चंदनसरांनी तो बंद करून ठेवलाय. विचारलं तर म्हणाले, एकदा काहीतरी गोंधळ झाला होता, निहारच्या वेळी, तू नको लक्ष घालू. काय गोंधळ ते त्यांनाही धड सांगता येईना. मी म्हटलं, हा काय पसारा! आणि केला चालू. संध्याकाळी साठा कसा स्वच्छ दिसत होता. स्वतःवरच खूश झाले.

१४ फेब्रुवारी

आईचा फोन. आवाज एकदम प्रसन्न. म्हणाली, काल किती छान बोललीस गं, मन भरलं. मी काल फोन केलाच नव्हता. तसं सांगितलं तर हसली. म्हणाली, आणि लहानपणी कूलरच्या टाकीत हात घातल्याचं अजून आठवतं तुला? आपण दोघी किती हसलो.

ते मी कॅमेऱ्यासमोर बोलले नाही. बोलणार कशी, मला आठवतच नव्हतं. आईनं सांगितल्यावर आठवलं. टाकीतलं गार पाणी, बसलेला झटका, आणि बाबांनी धावत येऊन बंद केलेलं बटण.

चंदनसरांना विचारलं, माझा सोबती बाहेर फोन करतो का. ते म्हणाले, छे, तो अजून उभासुद्धा राहिलेला नाही.

१८ फेब्रुवारी

अर्धवट तुकड्यांची यादी काढली. ती सहसा कोणी बघत नाही. तिच्यात माझ्या नावाची फाइल. अर्ध्याहून जास्त तुकडे पोचलेले. काम सुरू करणाऱ्याचं नाव: सुखदा देवघरे. म्हणजे मीच. मी सुरू केलेलं नाही.

एक तुकडा उघडून ऐकला. बाबा न्हाणीघराच्या दारावर थाप मारताहेत, सुखे, आवर, शाळेची बस येईल. हे कधी कोणी टिपलं? आमच्याकडे तेव्हा साधा कॅमेराही नव्हता. आवाज अगदी त्यांचा. ऑफिसातच हुंदका आला.

मग काम रद्द केलं. रद्द केलं की तुकडे नाहीसे होतात. झालेही. जेवून आले, तर पुन्हा सगळे जागेवर. सुरू करणारी मीच.

२० फेब्रुवारी

मूळ म्हणजे काय काढून टाकतो हा नियम? जुन्या साठ्यात माझी फाइल शोधली. तिथं काहीच नाही. तुकडे जिथून येताहेत त्या जागी नुसतं माझं नाव. म्हणजे मूळ — मी?

नियम बंद केला. तासाभरात तो पुन्हा चालू. चंदनसरांकडे धावले. ते गोंधळले. म्हणाले, तूच तर आत्ता फोन करून सांगितलंस, चालू राहू दे, चुकून बंद झाला. मी म्हटलं, ती मी नव्हते. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ना — वेड्या माणसाकडे बघतात तसं. घरी जाऊन आराम कर म्हणाले. मी विचारलं, गोंधळ निहारच्या वेळी झाला ना, मग त्यानंतर त्याला समोरासमोर कोणी भेटलंय का? त्यांनी उठून केबिनचं दार उघडून धरलं.

अक्कांना गाठलं. त्यांनी मग सांगितलं. निहार घाईत गेला वगैरे काही नाही. सकाळी कॉफी घेऊन वर गेल्या, तर खोलीला आतून कडी. दार तोडलं. आत कोणी नाही. त्याच्या आईला कळवलं, तर ती म्हणाली, काहीतरीच काय, तो आत्ताच माझ्याशी बोलला, मजेत आहे. अजून रोज बोलतो म्हणे. एवढं बोलून अक्का चपलांकडे बघत राहिल्या. आणि म्हणाल्या, पण पोरी, माणूस अनवाणी कुठं जातो गं?

२२ फेब्रुवारी

नागपूरचं तिकीट काढलं. मोबाइलवर संदेश, तिकीट रद्द, आपल्या विनंतीवरून. पुन्हा काढलं. पुन्हा रद्द.

आईला फोन लावला, रडतच. म्हटलं, आई, जी रोज बोलते ती मी नाही, मी ही आहे, ही. आई घाबरली. म्हणाली, काय करून राहिली तू अशी? सकाळी तर किती शहाण्यासारखं बोललीस. म्हणालीस, कधीकधी मी चिडून फोन करीन, तेव्हा मनावर घेऊ नको.

मग हळूच म्हणाली, सकाळची सुखदा बरी होती.

आई गं. फार लागलं. माझी चिडचिड, माझं तोडून बोलणं, सगळं खरं आहे. पण ते माझं आहे ना.

२३ फेब्रुवारी

यादी बघितली. एकच तुकडा बाकी. तो अजून आलेला नाही, कारण तो — आजचा आहे. मी जगतेय तेवढाच तो वाढतो.

रद्द केलं. रद्द. परत रद्द. उपयोग नाही.

निहारचा फोन आला. नेहमीसारखाच गोड. म्हणाला, घाबरू नको सुखदा, काही जाणवत नाही. विचारलं, तुला चपला नको आहेत का? म्हणाला, चपला म्हणजे काय ते सांगशील?

२४ फेब्रुवारी

बाहेर पडत नाही. अक्का खाली जिन्याच्या दाराशी बसून आहेत, मध्येमध्ये हाक मारतात. मी ओ देते. त्यांना सांगून ठेवलंय, ओ आली नाही तर आईला कळवा. कळवून काय होणार — आई म्हणेल, आत्ताच बोलली.

माझ्या चपला घातल्यात. पट्टे ओढून घट्ट केलेत. वर नाडी बांधली. निहारच्या राहिल्या तशा या मागे राहू देणार नाही मी, नेईन तर —

आईला लावतेय. व्यस्त.

अजून व्यस्त. कोणाशी बोलते ते ठाऊक आहे.

आज कमीच लिहितेय. वाटलं, तुकडा पुरेसा मोठा झालाच नाही तर घेणार नाहीत. पण शेवटचा — शेवटचा कितीही लहान

अक्का हाक मारताहेत. ओ द्यायला तोंड उघडलं. त्याआधीच खालून, अक्कांच्या फोनमधून, माझ्याच आवाजात, ओ