शेजार वाकडा

३ मार्च, सोमवार
सासूला पुन्हा झटका! या वर्षातला चौथा. ढँण ढँण ढँण — कॅमेरा तिच्या तोंडावर, मग सुनेच्या, मग मोलकरणीच्या. मोलकरणीचा काय संबंध? आणि सून झोपेतून उठते तीच मुळी लिपस्टिक लावून! मी ओरडलेच, "या लेखकाला कुणीतरी आवरा!"

बाबा पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसले होते. रोज सात वाजता माझ्या शेजारी बसतात, पण टीव्हीकडे ढुंकून बघत नाहीत. म्हणाले, "मग काय व्हायला हवं होतं?" म्हटलं, सासू मरता कामा नये. अख्ख्या मालिकेत ती एकच माणूस आहे, बाकी सगळे नुसते कपडे आहेत.

"हं," बाबा म्हणाले.

५ मार्च
दुकानात वाद. मालकीणबाई म्हणे, मालिकेतला हिरो देखणा आहे. त्यांना तिथल्या तिथे खुर्चीत बसवून डोळे तपासले. नंबर वाढलाय! चष्म्याचं दुकान चालवतात आणि ही गत.

६ मार्च
समोरच्या मोबाइलवाल्याकडे दिवसभर एकच गाणं. जुनी सुरेख चाल घ्यायची, मागे धाडधाड ठोके लावायचे, मध्येच कुणीतरी 'येऽऽ' करून बोंबलायचं — झालं नवं गाणं! अशा गाण्यांची नक्कल माझा धाकटा भाऊ काय करायचा. हसून पोट दुखायचं. जाऊ दे.

१० मार्च
सासू वाचली!! शुद्धीवर आल्याआल्या मुलाला झापलं. संवादही बरे होते आज. लेखकाला अक्कलदाढ आली वाटतं.

१२ मार्च, बुधवार
सगळं नीट लिहिते.

आज सून म्हणाली, भाजी जळली कारण शेजारीण बोलत बसली होती. त्यावर सासू म्हणते — "नाचता येईना, शेजार वाकडा!"

म्हण 'अंगण वाकडं' अशी आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. 'शेजार' फक्त आमची आई म्हणायची. अंगण आम्हाला कधी नव्हतंच, आणि शेजारणीशी तिचं उभ्या जन्मात पटलं नाही. ही चूक आमच्या घरातली, आम्हा चौघांची. आई जाऊन पाच वर्षं झाली. बाबांकडे बघितलं तर ते कोड्यात डोकं खुपसून.

म्हणजे धाकटाच! मालिकांच्या लायनीत शिरलाय, एवढं कानावर होतं. म्हण माझ्यासाठीच घातली असणार.

तीन वर्षं बोललो नाही आम्ही. त्याने पहिली एकांकिका लिहिली, घरी सगळ्यांना बसवून वाचून दाखवली. आणि मी, मोठी रसिक, पाहुण्यांदेखत म्हणाले, "कुठून उचललीस रे?" त्याचा चेहरा अजून दिसतो. उचलली नव्हती. फार चांगली होती, आणि आपल्या घरात कुणी इतकं चांगलं लिहील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माफी मागायला तीन वर्षं पुरली नाहीत मला. लाज वाटते.

१३ मार्च
सहा वेळा फोन हातात घेतला. सहा वेळा ठेवला.

१४ मार्च, शुक्रवार
लावला! पहिल्याच रिंगला उचलला. मी एका दमात म्हणून टाकलं, "चुकलं माझं. एकांकिका तुझीच होती आणि झकास होती."

तो म्हणाला, "ताई, रडतेयस की काय? नाक ओढलेलं ऐकू येतंय."

"तूही ओढतोयस. आणि म्हण ऐकली रे. काय लिहितोस!"

"मी? मी लिहीत नाही गं! मी आवाजाच्या खात्यात, तेही दुसऱ्याच मालिकेच्या. मला वाटलं, तूच लिहितेस! म्हटलं, ताईने म्हण घातली म्हणजे राग गेला. परवापासून फोनची वाट बघतोय!"

खो खो हसलो दोघंही. मग लिहिलं कुणी? असेल जगात आणखी एखादी आई, शेजारणीशी भांडणारी. मला काय त्याचं! रविवारी जेवायला येतोय तो!!

बाबांना सांगितलं. "हं," म्हणाले, आणि तोंड धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

१५ मार्च, शनिवार
सात वाजता मालिका लागली. उद्याच्या सामानाची यादी करायची म्हणून बाबांकडे पेन मागायला वळले. टीव्हीत सासू बोलत होती आणि इकडे बाबांचे ओठ हलत होते. तेच शब्द. तिच्या आधी.