तूप पडायचं बाकी होतं

अप्पा,

काल आपल्या मद्रासच्या मराठी मंडळाच्या खालच्या खोलीत आलेलं सामान असं. लोखंडी खाटा पाच, तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनने, म्हणजे सड्यांच्या लॉजने, मोडीत काढलेल्या, घासाघीस करून चाळीसला एक. हातगाडीचे पंधरा, तो वीस मागत होता, त्याला ताक पाजलं. माठ एक, झाकणासकट नऊ. न्हाणीच्या भिंतीला धरायला एक लोखंडी नळी. ती बसवणाऱ्या गवंड्याने पैसे घेतले नाहीत. त्याचा धाकटा भाऊही ह्या पोरांसारखा पलीकडच्या बेटावर एक पाय घालवून आलाय म्हणाला. खर्च वहीत लिहिला. पण ही खोली मिळाली कशी ते वहीत कुठल्या रकान्यात लिहू, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षीची गणपतीची पंगत तुम्ही विसरला असाल. तुम्हाला विसरायची सवयच होती. काँगोत शांतिसेनेची निळी टोपी घालून पिठाच्या ट्रकांची राखण करताना तुमच्या गुडघ्यात गोळी शिरली, तेही तुम्ही पावसात पाय मुरगळल्यासारखं सांगायचात. "दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या आणि मधे उभं राहायचं, तीच ड्यूटी," एवढंच. तो गुडघा पुन्हा वाकला नाही. बँकेच्या दारात बंदूक घेऊन तुम्ही उभे राहू शकत होता, पण मांडी घालून बसता येत नव्हतं.

मंडळाच्या दिवाणखान्यात समोरासमोर दोन रांगा, मधून वाढणाऱ्यांची वाट, दाराकडच्या टोकाला गणपती. लांब चालवत नाही म्हणून तुम्ही गणपतीजवळचं पान धरलं. मीठ वाढायचं काम माझ्याकडे. तुमच्या केळीच्या पानावर पहिला चिमूटभर ढीग मीच ठेवला. मग लिंबू आलं, चटणी आली, भाजी, वरण-भाताची मूद. तूप पडायचं बाकी होतं. तेवढ्यात मंडळाचे तेव्हाचे तरणे खजिनदार धोतराचा सोगा धरून येतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "हवालदार, पाय पोटाशी घ्या. देवाकडे होतोय." तुम्ही म्हणता, "वाकत नाही साहेब." "मग मागच्या पंगतीला बसा, तिकडे कोपऱ्यात." समोरच्या रांगेतून कोणीतरी विचारतं, हवालदारांचा पाय कुठे गेला होता हो? आणि खजिनदार हसून सांगतात, "शांतिसेनेत. शांततेत कसली गोळी लागते? केळीच्या सालीवरून घसरले असतील." अख्खी पंगत हसली. तुम्हीही हसलात, अप्पा! आणि हाताचा रेटा देऊन भरल्या पानावरून उठलात. तुमची पाठ वळली तोच त्यांनी ते पान दुमडून उचलायला लावलं, जणू तिथे कोणी बसलंच नव्हतं.

घरी त्या दिवशी चूल पेटलेली नव्हती. आईने कालचं दही कालवून चुरमुरे दिले, आणि तुम्ही स्टुलावर पाय लांब करून ते खाल्लेत. मी रडत होते तर म्हणालात, "अगं, तू वाढलेलं मीठ तरी लागलं ना पानाला? बास झालं. विसर आता." पुन्हा कुठल्याच पंगतीला तुम्ही बसला नाहीत. तिसऱ्या वर्षी गेलात. तुमच्या तेराव्याला ते खजिनदार आले आणि पोटभर जेवले. मी वाढत होते. सांगते ते खोटं नाही, तूप त्यांना दोनदा वाढलं आणि दोन्ही वेळा मनात म्हटलं, जेवा, आज जेवा.

विसर म्हणालात, पण शांती ही तुमची नोकरी होती. माझी नव्हे.

समुद्रापलीकडच्या बेटावर शांतिसेना म्हणून गेलेले आपले जवान परतायला लागले तेव्हा मद्रासमध्ये त्यांचं कोणाला कौतुक नव्हतं. इथल्या लोकांचे सोयरे त्या बेटावर, आपल्या फौजेच्या गोळ्या त्यांनाच लागल्या, ते दुखणं मला कळतं. पण ज्याचा पाय सुरुंगाने नेला त्या पोराला त्यातलं काय कळणार? कृत्रिम पाय बसवायच्या दवाखान्यात मी आमच्या शेजारणीबरोबर गेले होते. तिथे एक साताऱ्याकडचा पोरगा खिडकीतल्या बाईशी हातवारे करत होता. त्याला तमिळ येईना, तिला हिंदी येईना. मी मधे पडले. दुसऱ्या आठवड्यात तिघे झाले, मग पाच. त्यातला एक राखीव पोलिसातला, तोही शांतिसेनेबरोबर गेलेला. पाय बसवून चालायला शिकेपर्यंत महिनाभर राहायचं, आणि परवडणारी जागा म्हणजे तिरुवल्लिकेणीतली मॅन्शन, तिसरा मजला. तळमजल्याची खोली मागितली तर मॅनेजर म्हणे, नेहमीच्या गिऱ्हाइकांना काय सांगू? सातारकर नव्या पायाने जिन्यावरून घसरला आणि नुकती भरलेली जखम उसवली. डॉक्टरांनी मलाच दटावलं, "अम्मा, पुन्हा पडला तर गुडघ्याच्या वर कापावं लागेल."

मंडळाची खालची खोली वर्षभर कुलपात. आत लग्नाच्या सतरंज्या आणि उंदीर. मी अध्यक्षांकडे गेले. हो, तेच, खजिनदाराचे अध्यक्ष झालेत, किल्ल्यांचा जुडगा अजून कमरेलाच. "अर्ज द्या वहिनी." दिला. "सभेत घेऊ." सभेत घेतला नाही. तिसऱ्यांदा गेले तर झोपाळ्यावरून म्हणाले, "हे लग्नाचं कार्यालय आहे. दारातच कुबड्या दिसल्या तर नवऱ्या मुलीने काय म्हणायचं? आणि बाहेरचं वातावरण बघा. उद्या दगड आला तर काच कोण भरणार? तुमचे मिस्टर?" जिना उतरताना मागून बायकोला म्हणाले तेही मी ऐकलं: "हवालदाराची मुलगी. घराणंच लंगडं."

त्या मंगळवारपासून मी राहुकाळात दुर्गेला लिंबाचे दिवे लावायला लागले. इथल्या बायका लावतात तसे, अर्धं लिंबू पिळायचं, साल उलटी करून पणती करायची, तेल-वात घालायची. रस घरी भाताला, साल देवीला, त्यामुळे खर्च तेलाचाच. आमचे हे म्हणाले, "कशाचा नवस?" मी म्हटलं, घरात सुख नांदावं म्हणून. देवीला मात्र खरं सांगितलं. त्या पोरांना खोली दे, आणि ह्या माणसाला भरल्या पानावरून उठव. दुसरं आधी केलंस तरी चालेल.

यंदाच्या गणपतीला पाचही जणांना मी आमच्या घरचे पाहुणे म्हणून पंगतीला नेलं आणि गणपतीजवळची पाच पानं दिली. तुमचं होतं तेच पहिलं. मंडळात वाढप बायकांकडे आणि तूप कायम माझ्याकडे, कारण माझा हात आखडता, चार पंगतींना पुरवते. बाकीच्या वाढणाऱ्यांना स्वयंपाकघरात एवढंच सांगितलं होतं की मी थांबले की तुम्ही थांबायचं. थोरल्या काकूंनी विचारलं, "काय गं, भांडण काढतेस का सणाचं?" मी म्हटलं, जुनंच आहे, नवीन काढत नाही.

मीठ पडलं, लिंबू पडलं, वरण-भात पडला. अध्यक्ष समोरच्या रांगेत, मधोमध. त्यांची नजर गेलीच. "ए बाळ, पाय जरा आत घे. देवाकडे होतोय."

सातारकर म्हणाला, "मी घेतो हो साहेब, पण हा लाकडाचा हाय. ह्याला तुम्हीच सांगून बघा."

पोरं हसली. अध्यक्ष हसले नाहीत. "वहिनी, ह्यांना मागच्या पंगतीला घ्या. तिकडे कोपऱ्यात."

तेच शब्द, अप्पा. कोपरासुद्धा बदलला नाही माणसाने. मी तुपाचं भांडं दोन्ही हातांनी धरून वाटेच्या मधोमध उभी राहिले. दोन्ही रांगा बघतायत. तूप पडल्याशिवाय मराठी माणूस भाताला हात लावत नाही, मग तो मद्रासला राहो नाहीतर काँगोत.

"तूप वाढा की," कोणी म्हणालं.

"वाढते. आधी खालच्या खोलीची किल्ली द्या."

"हे काय पंगतीत बोलायचं?"

"पंगतीतच बोलते. माझ्या वडलांना तुम्ही पंगतीतच उठवलंत. ह्यांना उठवायचं तर हाताला धरून उठवा, मी बघते."

कोणी हलेना. वाढणाऱ्या बायका पळ्या हातात धरून भिंतीशी उभ्या. अध्यक्षांनी शेवटी बायकोकडे पाहिलं. तिच्या हातात कोशिंबिरीचं पातेलं होतं. तिने ते खाली ठेवलं आणि पदराने हात पुसत बसली. मग टोकाचे म्हातारे निवृत्त रेल्वे गार्ड ओरडले, "अहो देऊन टाका ती खोली, वरण गार होतंय!" आणि सगळी पंगतच बोलायला लागली. द्या, द्या. धर्मासाठी नव्हे हो, भुकेने. मला चाललं.

अध्यक्षांनी कमरेचा जुडगा ओढून फेकला. तो त्यांच्याच पानात, भाताच्या मुदीत जाऊन रुतला. आणि ते उठले. भरल्या पानावरून, तूप पडायच्या आत. बसून पायाला मुंग्या आल्या होत्या, तोल गेला, तेव्हा पोलिसातल्या पोराने बसल्या बसल्या कुबडी पुढे केली. ती त्यांनी धरली, क्षणभर, आणि सोडून निघून गेले.

मी किल्ल्या काढून धुतल्या, कमरेला खोचल्या आणि पहिल्या पानापासून तूप वाढत गेले. त्या दिवशी माझा हात असा सैल सुटला की तिसऱ्या पंगतीला तूप उरलं नाही. त्यांचं पान उचलायला एक मुलगी वाकली, तिला मी थांबवलं. चारही पंगती उठेपर्यंत ते तसंच राहू दिलं, येणाऱ्या-जाणाऱ्याने वळसा घालून जावं म्हणून. पोलिसातला पोरगा हात धुताना म्हणाला, "काकू, उपाशी गेले ते. डबा धाडा की." तुमचीच जात ती, मधे उभं राहणारी. मी म्हटलं, धाडते. धाडला नाही.

आता पोरं खाली झोपतात आणि सकाळी नळी धरून न्हाणीत जातात. नवस फिटला. तरी मी मंगळवारी अजून लिंबू पिळते, अप्पा. अध्यक्षांना आता गुडघेदुखी लागली आहे असं ऐकलं, म्हणून एक दिवा जास्त लावते. बरं व्हावं म्हणून नव्हे.

पाकीट आणलेलं नाही. ज्याला पत्ता नाही त्याला तिकीट कशाला? हे पत्र देव्हाऱ्यात आसनाखाली ठेवते. पण तुमच्याकडे पंगतीत पाय लांब करून बसू देतात का, आणि तूप कोण वाढतं, तेवढं उलट टपाली कळवा.