इनसाफच्या तेलाची फी

२४ ऑक्टोबर, गुरुवार

घाण्यावरून आलो. ऑलिव्ह यंदा बरे लागले होते, तेल चांगलं उतरलं.

घाणेवाला एकेकाला हाका मारत होता. "अबू राइद, तुमचे डबे! अबू समीह, पुढे या!" ज्याला त्याला लेकराच्या नावाने, अमक्याचा बाप म्हणून. माझ्यापाशी आला आणि अडखळला. मग म्हणाला, "उस्ताज, हे तुमचे." दरवर्षी तेच. लेकरूच नाही, तर हाक कशाने मारणार!

वर त्याची बेरीज चुकली होती. दाखवून दिली. त्याने तोंड वाकडं केलं. मी तरी काय करू? आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले, डोळा आपोआप जातो. उम्म राइद (राइदची आई, खालच्या मजल्यावरची, जिभेला हाड नाही) म्हणते, "उस्ताज, तुम्ही स्वर्गात गेलात तर देवदूतांच्या वहीतही चुका काढाल!"

झाडं इनसाफची, माझ्या बायकोची. त्या तेलाच्या पैशातून दरवर्षी एका गरजू विद्यार्थ्याची फी भरायची – ती लंडनची हिशेबनीसाची परीक्षा, जिची फी पौंडात असते आणि इथल्या पगारात मावत नाही. इनसाफनेच घालून दिलेलं. ती गेली, पण हे चालू आहे. या घरात एवढंच चालू आहे.

२८ ऑक्टोबर

यंदाची मुलगी आली. बतूल. सीरियातल्या दरा शहरची. पंधराची असताना आई आणि दोन लहान भावांबरोबर सीमा ओलांडून इकडे आली. बापाला शिपायांनी नेलं ते नेलंच. मिठाईच्या दुकानात बिलं करते. तीन पेपर स्वतःच्या पगारातून काढले. मग भावाचं ऑपरेशन निघालं आणि हात रिकामे झाले.

मी कॉफी पुढे ठेवली. काही मागायला आलेला माणूस कप तसाच खाली ठेवतो. यजमान 'पी, दिलं' म्हणेपर्यंत ओठ लावत नाही. दरातही हीच रीत, तिथल्या पोरीला काय शिकवायचं! पण ही इतकी घाबरलेली, की एका घोटात पिऊन बसली. आणि मग – "उस्ताज, मला… फी…"

उम्म राइद सोबतीला बसली होती. तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई! आधीच पिऊन टाकलीस? आता कशाच्या जोरावर मागणार?"

पोरगी लालबुंद. मी हसलो. मोठ्याने! या भिंती तो आवाज विसरल्या असतील.

फी भरून टाकली. आता इनसाफचा नियम. तो मुलांसाठी नाही, माझ्यासाठी आहे: दिलं की विसरायचं. त्यांच्या दारात जायचं नाही, फोन करायचा नाही. "उपकाराची आठवण करून देणाऱ्याने दिलंच नाही असं समजावं," म्हणायची.

९ नोव्हेंबर

आज फक्त भट्टीवाल्याशी बोललो. "रोटी गरम आहे का?" "आहे."

२१ नोव्हेंबर

बतूल आली. स्वतःहून! एक गणित अडलं होतं. मी सोडवून दाखवलं, ऐटीत. ती हळूच म्हणाली, "उस्ताज, रागावू नका… तो नियम बदललाय. आता असं धरत नाहीत."

पुस्तक काढून पाहिलं. बदललाय. उम्म राइदला सांगितलं तर तिने जिन्यातच टाळ्या पिटल्या.

पोरगी गेल्यावर दोन्ही कप धुतले. दोन कप धुवायला बरं वाटतं.

५ डिसेंबर

आज तिचा पेपर. सकाळपासून मलाच घास उतरत नाही. वेडेपणा!

१ जानेवारी

थंडी. रॉकेलच्या शेगडीजवळ सबंध दिवस काढला. मैरमियाच्या पाल्याचा चहा इनसाफ करायची तसा होत नाही, पानं तीच असून.

जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाचा दुबईहून शुभेच्छेचा संदेश आला. सगळ्या ओळखीच्यांना एकदम धाडलेला. तरी दोनदा वाचला. बाकीच्यांचं काय झालं, देव जाणे. पास झाले असतील. माणूस पास झाला की पुढे जातो, हे बरोबरच आहे.

१३ जानेवारी, सोमवार

आज निकाल. सकाळीच जाऊन कुनाफा, ती चीजची मिठाई, आणला, तोही दुसऱ्या दुकानातून – तिच्या दुकानातून आणला तर मी वाट बघतोय हे तिला कळेल!

आली नाही.

१४ जानेवारी

नाही. कुनाफ्याचं चीज चामड्यासारखं झालं.

१७ जानेवारी

उम्म राइद वांग्याची भाजी घेऊन आली. तोंड बघून म्हणाली, "दोन गल्ल्या तर आहे तिचं घर. पाय मोडलेत का?"

"इनसाफचा नियम आहे."

"इनसाफ, देव तिला शांती देवो, तुम्हाला ओळखून होती. हा नियम नसता तर तुम्ही रोज दारात जाऊन त्यांच्या वह्या तपासल्या असत्या!"

संध्याकाळी तिच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथून परत आलो.

राग नाही म्हणतो मी. खोटं. राग आहे. इनसाफ, तुझ्या नियमाचा राग आहे. तू मला द्यायला शिकवून गेलीस. नंतर या रिकाम्या घरात बसायचं कसं, ते नाही शिकवलंस.

२४ जानेवारी, शुक्रवार

दुपारच्या नमाजानंतर दार वाजलं. बतूल आणि तिची आई. मागोमाग उम्म राइद, न बोलावता.

बतूल म्हणाली, "उस्ताज, नापास झाले. थोडक्यात गेला. कोणत्या तोंडाने येणार होते?"

पोरी, याच तोंडाने यायचं होतंस! – हे मनात. तोंडाने म्हणालो, "बस. कॉफी करतो."

या वेळी तिने कप घेतला आणि न पिता खाली ठेवला. अगदी रीतीप्रमाणे. मला हसू आलं. विषय कळायला काय वेळ लागतो! पुढच्या वेळची फी. म्हटलं, "पी, पोरी. दिलं."

तिने आईकडे पाहिलं. कप उचलला, तळापर्यंत प्याली. मग म्हणाली, "फी नाही, उस्ताज. फीचं मी बघेन. पुढच्या शुक्रवारी रम्था गावची माणसं मला मागायला येणार आहेत. मुलगा चांगला आहे, मला पसंत आहे. पण त्यांच्यासमोर बसायला आमच्याकडे कोणी नाही. चुलता स्वीडनला. बाबांच्या जागी… तुम्ही बसाल?"

मी? मी एकाही लेकराचा बाप नाही. मला काय येतं त्यातलं! तेच म्हणत होतो, तर उम्म राइद दारातून – "दिलं म्हणालात! आम्ही सगळ्यांनी ऐकलं!"

आई पुढे सरकली. म्हणाली, "आमच्या खोलीत दहा माणसं मावत नाहीत."

इनसाफ गेल्यापासून मोठी बैठकीची खोली बंद आहे. म्हणालो, इथेच बोलवा.

इनसाफने म्हटलं होतं, त्यांच्या दारात जायचं नाही. ते माझ्या दारात आले तर काय, हे तिने सांगितलेलं नाही.

२७ जानेवारी

खोली उघडली. उम्म राइदने गाद्या उन्हात घातल्या, मला झाडू दिला. अबा, तो ठेवणीतला झगा, काढला; डांबराच्या गोळ्यांचा वास मारतो. आरशासमोर मागणीला द्यायचं उत्तर म्हणून पाहिलं. आवाज फाटतो.

३१ जानेवारी, शुक्रवार

आले. पंधराएक पुरुष, पुढे एक पांढऱ्या दाढीचे शेख. खास त्यांच्या शब्दाला मान म्हणून आणलेले. मी त्यांना कॉफी दिली. त्यांनी कप न पिता माझ्यासमोर ठेवला आणि मुलीला मागणी घातली. सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "एक अट आहे. तिचे राहिलेले पेपर ती देणार. पेपर जवळ आला की तिला स्वयंपाकघरातून कोणी हाक मारायची नाही. आणि फी या घरातून जाईल, तुमच्या नाही."

शेख हसले. "आम्ही मुलगी मागितली, तुम्ही परीक्षाही बरोबर देताय! दोन्ही कबूल."

मग मी म्हणालो. आवाज फाटला नाही. "प्या. दिली."

दाराआडून उम्म राइदचा आनंदाचा चीत्कार. सगळी गल्ली ऐकत असणार.

१ फेब्रुवारी

काल एक लिहायचं राहिलं. शेख नात्यातले नव्हते, त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसावं. कॉफी संपवून त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "देव तुमचं घर भरलेलं ठेवो, अबू बतूल."

मी चूक दुरुस्त केली नाही.